वरून आलेला फोन

आमच्या शेजारच्या बैठ्या घरात राहणाऱ्या पोलीस उपअधीक्षकांना सारे शहर ‘समन्वयसाहेब’ म्हणत असे. हे नाव प्रथम कोणीतरी कुचेष्टेनेच ठेवले असणार. परंतु साहेबांनी ते बिरुदासारखे मिरवले. समन्वय हा शब्द उच्चारताना त्यांचे डोळे किंचित मिटत आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफली जात. त्या क्षणी समोरच्याला असा भास होई की, कुठल्यातरी दुर्घट प्रश्नाचा निकाल आता लागणारच. निकाल लागत नसे. बोटे सुटत, चहा येई, आणि प्रश्न पुढील बैठकीच्या स्वाधीन होई.

त्यांची कीर्ती मी गातो आहे ती मात्र उपरोधाने नव्हे, निदान सर्वस्वी उपरोधाने नव्हे. एकही निर्णय न घेता पोलीस खात्यात उपअधीक्षकपदापर्यंत चढणे ही सामान्य तपश्चर्या नाही. फौजदार असताना दंगल झाली, तर हे निरीक्षकांना विचारायला गेलेले असत. निरीक्षक झाले तेव्हा कायद्याचा अभिप्राय मागवत. दरम्यान दंगल आपोआप दमून घरी जाई आणि ‘परिस्थिती संयमाने हाताळल्याबद्दल’ यांची प्रशंसा होई. अशा रीतीने इतरांच्या थकव्यावर त्यांची बढती होत गेली.

या निष्कंटक आयुष्यात एकच काटा होता, आणि तो म्हणजे त्यांचा साडू. वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या पत्नीच्या, थोरल्या बहिणीचे हे यजमान शहराच्या दुसऱ्या टोकाला एका चार मजली सोसायटीचे सेक्रेटरी होते. माणूस तोंडाळ. दर भेटीत, दहा माणसांत, ताटावर बसल्या बसल्या ते एकच प्रश्न विचारीत:

“साहेब, तुमचा हुद्दा मला पाठ आहे. पण तुम्ही तिथे नक्की करता काय?”

साहेब हसून म्हणत, “समन्वय.”

“तेच विचारतोय. शिपाई पकडतो, फौजदार लिहितो, कोर्ट सोडतं. मधे तुम्ही काय करता?”

मंडळी हसत. वहिनी ताटाकडे पाहत. आपल्या हातून एखादे असे कार्य घडावे की या साडूचे तोंड कायमचे बंद व्हावे, ही एकच ऐहिक वासना साहेबांच्या निरिच्छ चित्तात शिल्लक होती.

ती पुरी होण्याचे चिन्ह दिसले ते खात्याच्या एका आदेशाने. कोणी शस्त्र घेऊन कोठे दडून बसला, कोणाला ओलीस धरले, तर अशा जोखमीच्या प्रसंगांसाठी प्रत्येक शहराने दोन पथके उभारावीत, असे ठरले. एक दार फोडून आत शिरणारे, दुसरे दाराबाहेरून बोलणारे. आपल्या प्राचीन राजनीतीच्या भाषेत एक दंडाचे आणि एक सामाचे. उभारणीचे काम समन्वयसाहेबांकडे आले. दोन गोष्टी आहेत म्हटल्यावर त्यांच्यात समन्वय हवा, आणि समन्वय म्हटल्यावर दुसरे नाव कोणाला सुचणार?

दंडपथकाला माणसे चटकन मिळाली. काळा पोशाख, शिरस्त्राण, ढाल आणि दार फोडायचा लोखंडी ओंडका, एवढे आमिष तरुण शिपायांना पुरेसे होते. त्यांचा नायक एक जमादार होता. कुस्त्या खेळून त्याचे कान चुरगळलेले असल्याने सर्व जण त्याला पहिलवान म्हणत. सामपथकाची गोष्ट निराळी. प्रत्येक ठाण्याने तेथे आपापला नकोसा माणूस पाठवला. कोणाचे गुडघे गेलेले, कोणाची निवृत्ती आलेली, आणि एक तर एवढा बोलका की त्याच्या बडबडीला कंटाळून ठाण्यातल्या आरोपीने गुन्हा कबूल केल्याची आख्यायिका होती. या शिलकी मालात एक फौजदारबाई निघाल्या. त्यांना इकडे धाडण्याचे कारण असे की, त्या साहेबलोकांचे बोलणे पुरते ऐकून घेत आणि मग शंका विचारीत. हा दोष कोणत्याच ठाण्याला परवडणारा नव्हता.

साहेबांनी पथकांसाठी नियमावली सिद्ध केली. ती मी वाचली आहे आणि तिच्यापुढे मस्तक नमवतो. तिचे पहिले सूत्र असे: जो बोलेल त्याने ठरवू नये, जो ठरवील त्याने बोलू नये. बोलणाऱ्याने प्रत्येक मागणीला “साहेबांना विचारून सांगतो” असे उत्तर द्यावे, म्हणजे वेळ मिळतो, वेळेने राग निवतो. ठरवणाऱ्याने दूर नियंत्रण-गाडीत वायरलेसपाशी बसावे आणि दोन्ही पथकांना तेथूनच आज्ञा द्यावी. दुसरे सूत्र: ओलीस माणसाशी ज्याचे नाते असेल त्याने सूत्रे खाली ठेवावीत. एवढी निर्दोष रचना केल्यावर ती स्वतःला लागू आहे, हे ध्यानात ठेवण्याची सवड निर्मात्याला क्वचितच उरते.

सराव एका बंद पडलेल्या गोदामात होई. ओलीस धरणाऱ्याची भूमिका नेहमी एकाच हवालदाराकडे असे. तो लाकडी बंदूक घेऊन आत बसे, थोडा वेळ शिव्या देई, मग रडे, आणि जेवणाचे डबे आल्याची चाहूल लागली की शरण येई. साहेब घड्याळ बघत आणि म्हणत, “पाहिलंत? संवाद!” आत बसलेला माणूस डब्याला न भुलणारा निघाला तर काय, ही शंका फौजदारबाईंनी एकदा विचारली. साहेबांनी बोटे गुंफली आणि ती पुढील बैठकीत घेण्याचे मान्य केले.

पुढील बैठकीपूर्वीच प्रसंग आला.

साडूंच्या सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, बँकेतून निवृत्त झालेला एक बंदूकधारी रखवालदार राहत होता. त्याच्या बायकोचे दोन्ही गुडघे निकामी. सोसायटीची लिफ्ट वर्षभर बंद होती, त्यामुळे ती बाई वर्षभर खाली उतरली नव्हती. रखवालदार दर आठवड्याला सेक्रेटरींच्या कार्यालयात जाई आणि सेक्रेटरी दर वेळी म्हणत, “विषय कमिटीपुढे ठेवलाय. वरून मंजुरी आली की बघू.” त्या दिवशी सकाळी तो आपली परवान्याची दुनळी घेऊनच खाली आला, तळमजल्यावरच्या कार्यालयात शिरला आणि त्याने आतून कडी घातली. आत सेक्रेटरी होते.

पथके निघाली, आणि या वेळी खरोखर नियमाप्रमाणे लागली. पहिलवानाची माणसे मागच्या खिडकीखाली दबा धरून बसली. आतल्या माणसाने बंदूक रोखली तर त्यांनी तिथूनच झेप घ्यायची होती. फौजदारबाई जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत बसल्या आणि कार्यालयातल्या फोनवर रखवालदाराशी बोलू लागल्या. साहेब रस्त्यापलीकडच्या गाडीत. ओलीस आपला साडू आहे हे त्यांना कळले होते. दुसरे सूत्र त्यांना आठवले असेल, परंतु सूत्रे कोणाकडे द्यायची, हे ठरवावे लागले असते.

बाईंचे बोलणे हळूहळू लयीत आले. त्या थोडे बोलत आणि पुष्कळ ऐकत. म्हातारा म्हणे, लिफ्ट. त्या म्हणत, “साहेबांना विचारून सांगते, काका.” दुपारपर्यंत त्याचा आवाज खाली आला. त्याने पाणी मागितले, आणि बाईंनी बाटलीच्या बदल्यात सेक्रेटरींचे बांधलेले हात सोडवून घेतले.

इतक्यात गाडीत साहेबांचा स्वतःचा मोबाइल वाजला.

“अहो, ताई रडतेय इथे,” वहिनी म्हणाल्या. “भाऊजी आत आहेत आणि तुम्ही गाडीत बसलाय म्हणे?”

“अगं, मी समन्वय...”

“टीव्हीवर दाखवतायत तुमची गाडी. ताई विचारतेय, तुझे यजमान उतरत का नाहीत. मी काय सांगू तिला?”

साहेबांनी काचेतून पाहिले. कॅमेरेवाले खरोखरच जमले होते. साडूचे तोंड बंद करण्याची, किंबहुना ते तोंड वाचवून मग बंद करण्याची, याहून उत्तम संधी त्रिभुवनात मिळाली नसती. त्यांनी टोपी सारखी केली, रस्ता ओलांडला, मीटरच्या खोलीत आले आणि फौजदारबाईंच्या हातातून फोन घेतला.

“सर, नको,” बाई हळूच म्हणाल्या.

साहेबांनी घसा साफ केला. “मी या संपूर्ण कारवाईचा प्रमुख अधिकारी बोलतो आहे.”

मग म्हाताऱ्याने विचारले, “म्हणजे तुमच्यावर कोणी नाही?”

“या ठिकाणी माझ्यावर कोणीही नाही.”

“बरं झालं बाबा, एकदाचा भेटलात. मग सांगा. लिफ्ट चालू होणार का? हो की नाही?”

ज्या प्रश्नापासून त्यांनी अख्खी नोकरी पळून काढली, तो प्रश्न असा जिन्याखाली, मीटरांच्या घरघरीत, त्यांच्यापुढे उभा राहिला. मागे सरकायला जागा नव्हती. “साहेबांना विचारून सांगतो” हा दरवाजा त्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतला होता.

“त्याचं असं आहे,” साहेब म्हणाले, “सर्व संबंधितांशी समन्वय साधून, वरून मंजुरी...”

“हेच!” म्हातारा ओरडला. “हेच हा तुमचा सेक्रेटरी वर्षभर म्हणतोय!”

फोनमध्येच मागून साडूंचा आवाज आला, “अहो साहेब, हो म्हणा ना! हो म्हणायला काय जातंय तुमचं!”

आणि बार उडाला.

पहिलवानाचा आवाज बाईंच्या कमरेच्या वायरलेसमधून फुटला, “सर, गोळी झाली. आत शिरू का? सर?” प्रश्न नियंत्रण-गाडीला होता. नियंत्रण-गाडीत खुर्ची होती, सेट होता, सेटवर बसलेला हवालदार होता. आज्ञा देणारा मीटरच्या खोलीत फोन धरून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. फौजदारबाईंनी फोनला कान लावला. आत कोणीतरी खोकत होते, आणि म्हातारा म्हणत होता, “छताचं प्लॅस्टर पडलं फक्त. रडू नका.” त्यांनी वायरलेस ओढला. “थांब, पहिलवान. छताला मारलीय. माणूस ठीक आहे.”

दुनळीची दुसरी नळी अजून भरलेली होती.

मग बाई साहेबांकडे वळल्या आणि अत्यंत अदबीने म्हणाल्या, “सर, वरून फोन आहे. गाडीतल्या लाइनवर. तातडीने बोलावलंय.”

मी साहेबांना पुष्कळ वेळा चालताना पाहिले आहे. परंतु त्या दिवशी ते धावले, असे प्रत्यक्ष पाहणारे सांगतात. ‘वरून’ या शब्दात असे सामर्थ्य आहे.

बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला. “काका, मीच आहे. साहेबांना त्यांच्या साहेबांनी बोलावलं.”

मग म्हातारा हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. “म्हणजे त्यांच्यावरही आहे कोणीतरी.”

“सगळ्यांवर असतं, काका. माझ्यावर तर जिनाभर आहेत.”

“मग लिफ्टचं?”

“आज होणार नाही. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण काकूंना खाली आणता येईल.”

“कशी आणणार? पडेल ती.”

“माझ्याकडे दांडगी पोरं आहेत. सकाळपासून तुमच्या खिडकीखाली उकिडवी बसलीयत.”

“माहीत आहे. एक जण शिंकतो सारखा.”

“तीच. खुर्चीत बसवून आणतील. तुम्ही समोरच्या खिडकीतून बघा. काकू अंगणात दिसल्या की बंदूक मोडून, रिकामी करून टेबलावर ठेवायची, सेक्रेटरींना बाहेर सोडायचं, मग तुम्ही यायचं. ठरलं?”

“आधी ती दिसू दे.”

आता निर्णय हवा होता, आणि तो बाईंचा नव्हता. जिना अरुंद, खुर्ची उतरवायची तर पहिलवानाची माणसे लागणार, आणि ती खिडकीवरून काढली की तेवढा वेळ साडू आणि भरलेली नळी यांच्यामध्ये कोणीच उरणार नव्हते. पहिलवानाने वायरलेसवर विचारले, “सर, बाई म्हणतात काकूंना उतरवायला माणसं काढ. काढू?”

गाडीतल्या हवालदाराने पुढची हकिकत मला सांगितली. साहेब आले ते थेट फोनवर झेपावले. “जय हिंद सर. होय सर.” पलीकडून फक्त लाइनची गुणगुण येत होती. साहेब सावधान उभे राहून ती ऐकत राहिले. मग त्यांना उमजले. फोन त्यांनी खाली ठेवला नाही. कानालाच धरून ते खुर्चीत बसले. त्यांचा मोबाइल समोर थरथरत होता, पडद्यावर वहिनींचे नाव. वायरलेसमधून पहिलवान पुन्हा विचारत होता.

“वरचे काय म्हणतात?” साहेबांनी हवालदाराला विचारले. असा प्रश्न त्यांनी आजवर कोणत्याही हवालदाराला विचारला नसेल.

“वर कोणी नाही, सर. तुम्हीच आहात.”

साहेबांनी कार्यालयाच्या समोरच्या खिडकीकडे पाहिले. तिच्याआड त्यांचा साडू होता: तोंडाळ, नकोसा, बायकोच्या बहिणीचा नवरा. त्यांनी बोटे गुंफण्याचा प्रयत्न केला, पण एका हातात फोन होता. मग ते वायरलेसमध्ये म्हणाले, “काढा.” जरा मोठ्याने पुन्हा म्हणाले, “माणसं काढा. काकूंना सांभाळून आणा.”

एवढेच. सबंध नोकरीत त्यांनी घेतलेला हा एकमेव निर्णय. हवालदार म्हणतो, त्यानंतर साहेब डोळे मिटून बसले होते आणि घामाने त्यांची कॉलर भिजली होती.

चौथ्या मजल्यावरून शिरस्त्राणे घातलेल्या शिपायांची ती मिरवणूक उतरू लागली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची अडकली. खाली म्हातारा अस्वस्थ झाला. “काय झालं? का थांबले?” फोनवर बाई म्हणाल्या, “वळवतायत, काका. काकू त्यांना शिव्या देतायत, ऐकू येतंय का?” ऐकू येत होते. “अरे, डोक्यावरची ती भांडी काढा आणि पायाखाली बघा! बोकडासारखे चार जण, आणि एकालाही पायरी दिसत नाही!” म्हाताऱ्याच्या श्वासाची घरघर मंदावली. या आवाजाने त्याचे अर्धे आयुष्य शांत केले असावे, किंवा घाबरवले असावे; परिणाम एकच.

काकू अंगणात आल्या. वर्षानंतर त्यांनी ऊन पाहिले, कॅमेरे पाहिले, खिडकीत नवरा पाहिला, आणि एवढ्या सगळ्या पोलिसांदेखत त्या ओरडल्या:

“ठेवा ते खाली आणि या बाहेर! तुम्ही तुरुंगात जाल ते जाल, मला आता वर कोण नेणार?”

ज्या प्रश्नाला वर्षभर कोणी उत्तर दिले नव्हते त्याच्या उलट बाजूचा हा प्रश्न म्हाताऱ्याला पुरला. त्याने दुनळी मोडली, काडतूस काढले, टेबलावर ठेवले. कडी निघाली. प्रथम सेक्रेटरी बाहेर आले, केसांत प्लॅस्टर, आणि पहिल्या कॅमेऱ्यासमोर थांबून म्हणाले, “विषय कमिटीपुढे ठेवलेलाच होता.” मागोमाग म्हातारा आला, हात वर करून, चालत बायकोपर्यंत गेला. पहिलवानाने त्याला बेड्या घालण्यापूर्वी तिची खुर्ची सावलीत सरकवू दिली.

आता अहवाल. साहेब तो लिहायला बसले तेव्हा त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. माणसे हलवण्याचा निर्णय आपण घेतला, असे लिहिले असते तर ते सत्य होते आणि शौर्याचेही होते. पण लिहिता लिहिता त्यांना दिसले की त्या चार-पाच मिनिटांत दुसरा बार उडाला असता तर याच वाक्याखाली त्यांचे नाव असते. संकट टळून गेले होते. भीती मात्र उशिरा, सावकाश, चहा घेऊन आली. त्यांनी लिहिले: ‘वरिष्ठांच्या दूरध्वनीवरील मार्गदर्शनानुसार खिडकीवरील मनुष्यबळ हलविण्यात आले.’

वरिष्ठ त्या दुपारी दंतवैद्याकडे दाढ उपटून घेत होते. तोंड बधिर, जीभ जागेवर नाही, अशा अवस्थेत त्यांनी मार्गदर्शन केले, हे त्यांनाही अहवाल वाचूनच कळले. परंतु थोर माणसांच्या हातून अजाणताही सत्कृत्ये घडतात, अशी त्यांची श्रद्धा असावी. त्यांनी ‘योग्य’ असा शेरा मारला. महिन्याभराने त्या ‘प्रसंगावधानी दूरध्वनी’बद्दल त्यांना गौरवपत्रही मिळाले.

फौजदारबाई प्रामाणिक. खोट्या फोनबद्दल शिक्षा होणार म्हणून स्वतःच साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “सर, तो फोन आला म्हणून मी सांगितलं, तो खरं तर...”

साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. “आवाज फार स्पष्ट होता, बाई. वरिष्ठांचा आवाज नेहमीच स्पष्ट असतो.”

बाईंना शिक्षा झाली नाही. ती द्यायची तर फोनवर कोणी नव्हते, हे मान्य करावे लागले असते.

पुढच्या रविवारी साडूंनी सुटकेप्रीत्यर्थ सर्वांना जेवायला बोलावले. वहिनी नवी साडी नेसून, ताठ मानेने गेल्या. ताटे वाढली गेली तसे साडू सुरू झाले.

“तुमच्या वरच्या साहेबांना एकदा भेटवा हो. वर्तमानपत्रात वाचलं, त्यांच्या एका फोनवर मी वाचलो. माणूस असावा तर असा! इकडे आमचे साडू, बंदूक रोखलेली असताना म्हणे समन्वय साधतो!”

मंडळी हसली. ताई म्हणाल्या, “असू दे हो, तेही होतेच की तिथे.”

वहिनींनी मात्र नवऱ्याकडे पाहिले. त्यांना काहीतरी संशय असावा, बायकांना असतो. “अहो,” त्या सर्वांदेखत म्हणाल्या, “माणसं काढा असं खाली कोण बोललं? तुम्ही ना?”

साडूंचा घास हातातच राहिला. आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली तो समोर वाढून ठेवलेला होता. नुसते ‘हो’ म्हणायचे होते.

समन्वयसाहेबांनी पाण्याचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि तो जपून खाली ठेवला.

“वरून जे आलं,” ते म्हणाले, “ते मी खाली पोहोचवलं.”